शब्दकोशातली कोंबडी

निर्णय तसा एवढुसाच होता. सोळा पानं उचलायची, तिसऱ्या मजल्यावर न्यायची आणि अर्ध्या तासात परत आणून होती तिथे ठेवायची. आता ह्यात बिघडण्यासारखं काय आहे, सांगा. पण बाइंडरणीच्या हातात रिकामी बादली दिली, तरी ती काहीतरी सांडून दाखवील!

बाइंडरीण म्हणजे बाइंडरची बायको. पुढच्या खोलीत नवऱ्याचं पुस्तकं बांधायचं दुकान, मागच्या खोलीत घर, आणि मधल्या दारात नेहमी पुठ्ठ्यांचा ढीग. त्यामुळे घरातून दुकानात जाताना प्रत्येकाला लंगडी घालावी लागे. बाइंडरीण सातवी शिकलेली. आठवीचं पुस्तक तिने पहिल्यांदा हातात धरलं ते लग्नानंतर, दुकानात, आणि तेही पाठ उसवलेलं.

तिला एकच मुलगी. पुढचे दोन दात जरा पुढे म्हणून तिला सगळे खारू म्हणत. शाळेतही तेच नाव पडलं होतं. खारू तिसरीत होती आणि बाइंडरीण चोवीस तास काळजीत. ती काळजीसुद्धा नवऱ्याच्या शिवणीसारखी करायची, एकीत दुसरी ओवून. खारू शिंकली, म्हणजे सर्दी. सर्दी म्हणजे ताप. ताप म्हणजे शाळा बुडणार. शाळा बुडाली, की पोरगी नापास. आणि नापास झाली, की आपल्यासारखीच कुणाच्यातरी दुकानात खळ ढवळत बसणार! एका शिंकेपासून खळीच्या पातेल्यापर्यंत पोचायला तिला अर्धं मिनिट पुरत असे.

अशा बाईच्या घरी एक दिवस शाळेचा भलाथोरला इंग्रजी शब्दकोश बांधायला आला. इंग्रजीच्या मॅडम स्वतः घेऊन आल्या होत्या. पाठ मोडलेली, पानं लोंबत होती. बिचाऱ्याची दशा बघवत नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "शनिवारी पालकांचा मेळावा आहे. प्रत्येक मुलाला मी एकेक इंग्रजी विशेषण दिलंय. स्टेजवर यायचं, ह्या शब्दकोशात आपला शब्द उघडायचा आणि तीन मिनिटं बोलायचं. अर्थ काय, शब्द आला कुठून, त्याचे नातेवाईक कोण. तुमच्या खारूला 'नाइस' दिलाय. सोपा आहे. घरी करून घ्या हं."

"हो हो, करून घेतो की!" बाइंडरीण म्हणाली आणि मॅडम वळल्याबरोबर पुठ्ठ्यांच्या ढिगावर मटकन बसली.

घरी करून घ्या! घरी कोण होतं? बाइंडर तर पुस्तकं बांधायचा, वाचायचा नाही. कुणी विचारलंच, तर म्हणायचा, "न्हावी कधी स्वतःचे केस कापतो का? वाचत बसलो, तर बांधू कधी?" मॅडमनाच जाऊन विचारावं, तर त्यांना कळणार, की घरात इंग्रजीचा उजेड आहे. आणि आपलं पोर भरल्या सभेत खाली मान घालून उभं राहिलं, लोक म्हणाले, 'आईच सातवी, ती तरी काय करणार', तर? बाइंडरणीच्या डोळ्यांसमोर सगळी सभा उभी राहिली. पहिल्या रांगेतल्या बायकांच्या साड्यांचे रंगसुद्धा तिला दिसले. तिने ठरवलं, काही झालं तरी खारूची शनिवारी फजिती होऊ द्यायची नाही.

तोवर बाइंडरने शब्दकोश उसवून टाकला होता. जाड पुस्तक एकसंध नसतं, सोळा सोळा पानांच्या घड्या एकीवर एक शिवलेल्या असतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. बाइंडरची पद्धत अशी, की सगळे फर्मे क्रमाने रचायचे आणि पाठीवरून निळ्या पेन्सिलीने वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ ओढायची. मग फर्मे कितीही हलले, तरी ती रेघ सरळ जुळली, की क्रम बरोबर. पान उघडायला नको, आकडे बघायला नकोत. एखादा फर्मा गळला, तर पडलेल्या दातासारखी रेघेत फट दिसणार.

बुधवारी सकाळी बाइंडर दोरा आणायला बाहेर पडला आणि बाइंडरणीने 'नाइस'चा फर्मा हळूच ओढून काढला. वरती तिसऱ्या मजल्यावर तारमास्तर राहत. ते तार ऑफिसातून निवृत्त झालेले, इंग्रजीत मुरलेले. पण त्यांचे गुडघे जिने मानत नसत. सगळा शब्दकोश वर न्यावा, तर क्रम मोडणार. एकच फर्मा न्यावा हे बरं. पण ती फट? नवरा आला आणि 'फर्मा कुठाय' म्हणून ओरडला तर?

बाइंडरणीने इकडे तिकडे पाहिलं. कोपऱ्यात रद्दीत कोंबडीपालनाच्या पुस्तकाचे वाकडे छापलेले फर्मे पडले होते. त्यातला एक तिने घेतला. लांबी रुंदी नेमकी तीच! तो तिने फटीत सारला, निळी पेन्सिल घेतली आणि पाठीवर बरोबर जागेवर रेघ जुळवली. इतकं चोख काम तिने उभ्या जन्मात केलं नव्हतं. (चुकीच्या कामाला माणसाचा हात कसा लोण्यासारखा चालतो, देव जाणे.)

तारमास्तरांनी चष्मा लावला. आयुष्यभर शब्दागणिक पैसे घेतल्यामुळे ते बोलतानाही शब्द मोजून खर्च करत आणि वाक्य संपलं, की 'स्टॉप' म्हणत.

"नाइस. मूळ लॅटिन. पुढचा तुकडा, नाही. मागचा तुकडा, जाणणे. मिळून, न जाणणारा. स्टॉप."

"म्हणजे काका, मठ्ठ?"

"मठ्ठ. बावळट. फ्रेंचांकडे गेला, तिथेही बावळट. इंग्रजांकडे आला, आधी बावळटच. पुढे चोखंदळ. मग नाजूक. मग बारीक, अचूक. शेवटी छान. स्टॉप."

"अगंबाई! बावळटाचा छान व्हायला किती वर्षं लागली?"

"पाचेकशे."

"मग आमच्या ह्यांना वेळ आहे अजून," बाइंडरीण म्हणाली. "आमच्या लग्नाला दहाच झालीत."

तारमास्तर इतके हसले, की स्टॉप म्हणायचं विसरले.

मग नातेवाइकांची यादी निघाली. 'जाणणे' ह्याच मुळातून 'सायन्स' आलं, म्हणजे सायन्स नाइसची चुलत बहीण. एकाच घरात एक जाणती, एक अजाण! बाइंडरणीला ते लगेच पटलं. तिच्या माहेरी हुबेहूब अशाच दोघी होत्या. आणखी एक बहीण निघाली, कॉन्शन्स.

"ही काय करते?"

"आतून टोचते. चूक केली, की."

बाइंडरणीने सगळं वहीत उतरवलं. अर्ध्या तासाचे दोन तास कसे झाले कळलं नाही. कारण खरं सांगायचं, तर तिला मजा येत होती. सातवीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी तिला काही शिकवत होतं, आणि ते तिला कळतही होतं! जिना उतरताना ती पुटपुटत होती, "बावळट, चोखंदळ, नाजूक, बारीक, छान. बावळट, चोखंदळ…"

आणि दारातच तिचे पाय थबकले. शब्दकोश शिवून, सरस लावून, पुठ्ठा चढवून पुस्तक दाबायच्या शिकंजात आवळलेला होता. बाइंडर घाम पुसत शेजारी उभा.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं! शाळेचा शिपाई येऊन गेला, उद्या सकाळीच पाहिजे म्हणाला. मग बसलो. चहासुद्धा घेतला नाही बघ."

ज्या माणसाने स्वतःच्या लग्नाचा फोटो फ्रेममध्ये घालायला सहा वर्षं घेतली, त्याला आजच ही दुर्बुद्धी सुचावी!

"अहो, पण एकदा उघडून वगैरे बघितलंत का?"

"उघडायचं कशाला? रेघ बघितली ना! इतकी सुतासारखी रेघ माझ्या हातून कधी जुळली नव्हती." तो शिकंजावर हात फिरवत म्हणाला, "अगं, शाळेचं पहिलं काम. कशी पाठ झालीय बघ. मॅडम बघतच राहतील."

पिशवीतला फर्मा काढून दाखवायला तिने हात घातला होता. पण नवऱ्याचा चेहरा असा फुललेला तिने फार दिवसांत बघितला नव्हता. हात तसाच बाहेर आला.

"छान झालंय," ती म्हणाली.

त्याच क्षणी नाइसची ती टोचणारी चुलत बहीण पिशव्या घेऊन तिच्याकडे मुक्कामाला आली.

गुरुवारी शब्दकोश शाळेत गेला. त्याच्या मागोमाग, फर्मा वर्तमानपत्रात गुंडाळून, बाइंडरीणही गेली.

मॅडम म्हणाल्या, "या या! अहो, काय बांधलंय तुमच्या मिस्टरांनी! उघडायला मन होत नाही."

"उघडूच नका!"

"अं?"

"म्हणजे… सरस ओला असतो ना आतून. महिनाभर तरी उघडत नाहीत."

"पण शनिवारी तर मुलं उघडणार!"

"मुलांनी लांबून बघितला तर नाही का चालणार? शब्द काय, लांबूनही तोच असतो."

मॅडमनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्ही उगाच काळजी करता हं. आणि आता मला तरी कुठे उघडता येतोय? मुख्याध्यापक बाईंनी काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलाय. किल्ली घेऊन त्या बाहेरगावी गेल्यात. थेट शनिवारी येतील."

काचेच्या आत शब्दकोश ऐटीत उभा होता. पोटात कोंबडी घेऊन.

शुक्रवारी बाइंडरणीने शेवटचा उपाय केला.

"खारू, शब्द बदलून घे ना. तो बिग घे. बिगचे कुणी नातेवाईक नसतील."

"बिग आमच्या वर्गातल्या सगळ्यात बुटक्याने घेतलाय. आणि मला नाइस पाठ झालंय. म्हणून दाखवू?"

"नको."

"परवा तर रात्रंदिवस म्हणायला लावत होतीस!"

"तेव्हाची गोष्ट वेगळी. बरं, समज हं, समज. स्टेजवर पुस्तक उघडलंस आणि आत भलतंच निघालं, तर काय करशील?"

"भलतंच म्हणजे?"

"म्हणजे… एखादा प्राणी."

खारूने आईच्या कपाळाला हात लावून बघितला. अगदी आई तिच्या कपाळाला लावते तसाच.

शनिवार उजाडला. बाइंडरने इस्त्रीचा शर्ट घातला. हॉलमध्ये शिरल्यापासून तो ओळखीच्या, अनोळखी सगळ्यांना सांगत सुटला, "ते मोठं पुस्तक आहे ना, ते आमच्याकडचं." बाइंडरणीचा बेत असा, की कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी टेबलाजवळ जायचं, पुस्तकावरची धूळ पुसल्यासारखं करायचं आणि फर्मा आत सारायचा. ती उठली, की नवरा तिचा पदर धरून खाली बसवायचा. "अगं, पहिल्या रांगेत जागा मिळालीय. उठलीस तर जाईल!" तिसऱ्यांदा ती उठली, तोवर मुख्याध्यापक बाई स्वतः शब्दकोश घेऊन आल्या. लाल कापडावर ठेवला. टाळ्या पडल्या. बाइंडर उभा राहून वाकला. टाळ्या त्याला नव्हत्याच, पण तेवढं चालतं.

पहिला बुटका आला. त्याने बिग उघडला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "बिग म्हणजे मोठा. बिग कुठून आला ते कुणालाच ठाऊक नाही. धन्यवाद." आणि जाऊन बसला. बाइंडरणीला त्याचा हेवा वाटला. कसा अनाथ, सुटसुटीत शब्द!

मग खारू आली. टेबलाला तिची हनुवटी जेमतेम लागत होती, म्हणून शिपायाने पायाखाली पाट ठेवला. तिने शब्दकोश अंदाजाने मधोमध उघडला. खालून बाइंडरणीला पान दिसत नव्हतं, पण दिसायची गरजही नव्हती. त्या पानावर एक पिसं झडलेली कोंबडी होती आणि खाली तिच्या जुलाबावर तीन उपाय.

खारू काही बोलेना. समोर बघत तशीच उभी. खारूचे ओठ थरथरायला लागले.

आईचं काळीज ते! शिकंजात घालून कुणीतरी आवळावं तसं झालं तिला. आणि दुसऱ्या क्षणी बाइंडरीण पहिल्या रांगेत उभी होती.

"थांबा! पोरीचा काही दोष नाही! मी केलंय सगळं!"

"अगं बस," बाइंडर कुजबुजला.

"नाही बसायची! मॅडम, नाइसची पानं मी काढली. तिसऱ्या मजल्यावर नेली. घरात कुणाला इंग्रजी येत नाही, मी सातवी शिकलेली, ह्यांचं तर विचारूच नका. आणि फट दिसू नये, म्हणून मी आत कोंबडीचा फर्मा घातला. ह्यांनी तो तसाच शिवला. हे बघा, खरी पानं ही! माझ्या पोरीला सगळं येतं हो, ती कोंबडी बघून गांगरलीय!"

हॉलमध्ये कुणीतरी हळूच विचारलं, "कोंबडी?"

बाइंडरही आता उभा राहिला. "अगं, म्हणजे ती तू घातलीस? शिवताना एक पान उलटं झालं होतं, तेव्हा दिसली होती मला. म्हटलं, एवढा मोठा शब्दकोश, त्यात कोंबडी नसेल का?"

हॉल फुटला. माणसं खुर्च्यांवरून घसरली. पण बाइंडरणीला कुणाचं हसणं ऐकू येत नव्हतं. तिला दिसत होती फक्त स्टेजवरची खारू, गप्प उभी. मग बाइंडरणीनेच खालून सुरुवात केली. लॅटिनपासून. नाही आणि जाणणे. फ्रेंच बावळट, इंग्रज बावळट. चोखंदळ, नाजूक, बारीक, अचूक, छान. मग सायन्स, मग कॉन्शन्स, आणि ती कशी टोचते, कुठे टोचते, बुधवारपासून किती वेळा टोचली. एका दमात, एकही शब्द न चुकता, हातात वही नाही की काही नाही. शेवटी तिने "स्टॉप" म्हटलं आणि खाली बसली.

टाळ्यांनी हॉल दणाणला. मॅडम डोळे पुसत होत्या. हसून की कशाने, ते कळलं नाही.

टाळ्या थांबल्या, तेव्हा स्टेजवरून आवाज आला.

"मॅडम, आता मी काय बोलू? आईने माझं सगळं बोलून टाकलं."

"अगं, पण तू घाबरलीस ना बाळा," बाइंडरीण खालून म्हणाली. "ओठ थरथरत होते तुझे!"

"मी मोजत होते! मॅडमनी सांगितलंय, पुस्तक उघडायचं, समोर बघायचं, मनात पाचपर्यंत मोजायचं आणि मग बोलायचं. चारला तू उठलीस!"

"आणि… कोंबडी?"

"कुठाय?" खारूने पहिल्यांदाच पुस्तकात मान घातली. "अय्या! केवढी आहे! मी बघितलंच नव्हतं. मला तर पाठ होतं."

म्हणजे बाइंडरीण आणखी एक आकडा गप्प बसली असती, तर जगात कुणालाही काहीही कळलं नसतं.

मॅडमनी सावरून घेतलं. म्हणाल्या, "खारू, निदान एक उदाहरण तरी दे. नाइस कुणाला म्हणता येईल?"

खारूने क्षणभर विचार केला (बहुतेक पाचपर्यंत मोजलं) आणि सरळ आईकडे बोट दाखवलं. कुठल्या शतकातलं उदाहरण, ते काही तिने सांगितलं नाही.

मुख्याध्यापक बाईंनी शब्दकोश बाइंडरच्या हातात परत दिला. "ह्या खेपेला घरात कुणाला काही शिकायचं असेल, तर आधी शिकून घ्या आणि मग शिवा," एवढंच म्हणाल्या. पण त्याही तोंडाला रुमाल लावून.

घरी जाताना बाइंडरच्या काखेत शब्दकोश होता आणि खारू दोघांच्या पुढे चार पावलं, गाल फुगवून. तेवढ्यात मागून शिपाई धावत आला. मॅडमनी बक्षीस पाठवलं होतं, चांगलं बोलल्याबद्दलचं छापील प्रशस्तिपत्र. खारूच्या नावाचं असणार म्हणून बाइंडरणीने तिला हाक मारली. पण ते खारूचं नव्हतं. नावाच्या जागी मॅडमनी ठसठशीत अक्षरात बाइंडरणीचंच नाव घातलं होतं.

बाइंडरीण रस्त्यातच उभी राहिली. सातवीनंतर तिच्या नावाचा शाळेचा पहिला कागद! तिने तो दोन्ही हातांत धरला, दोनदा वाचला, डोळे पुसून तिसऱ्यांदा वाचला. बाइंडरला काही तो वाचावासा वाटला नसता, पण बायको रडतेय म्हटल्यावर त्याने मान वाकडी करून बघितलं. नावाखालची ओळ छापलेलीच होती: 'इयत्ता तिसरी'.

"कमाल आहे," तो म्हणाला. "नापास झालेली पोरं एक वर्ष मागे राहतात. तू एका दिवसात चार वर्षं मागे आलीस."

पुढे चाललेल्या खारूने मागे वळून बघितलं. फुगलेले गाल एकदम उतरले, आणि तिचा चेहरा काळजीने पांढराफटक पडला.

"म्हणजे सोमवारपासून ही माझ्या वर्गात बसणार?"